पठाराचा किनारा : बिदरचं पाणी आणि पाहुण्यांसाठीची आखणी

बिदरला समुद्र नाही, पण किनारा आहे. तो पाहायचा असेल तर किल्ल्याच्या उत्तरेकडच्या बुरुजावर उभं राहावं. पायाखालचा तांबडा जांभा एकदम तुटतो आणि खाली काळ्या मातीची सपाटी मांजरेच्या दिशेने पसरत जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवरचं हे पठार भोवतालच्या मुलखातून बेटासारखं वर आलेलं आहे. बहमनी सुलतानांनी राजधानी वसवली ती या बेटाच्या काठावर.

कोकणातल्या किनाऱ्यावर हॉटेल बांधायचं, बगीचा करायचा किंवा लोकांना फिरायला वाट काढायची म्हटलं की पहिला प्रश्न निघतो तो रेषेचा. भरतीची रेषा कुठे आहे आणि तिच्यापासून किती मीटर आत काय चालतं? 1981 साली पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. पुढे 19 फेब्रुवारी 1991 ला पर्यावरण संरक्षण कायद्याखाली किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली. 2011 आणि 2019 मध्ये ती बदलली, सैल झाली, तिच्यावर भांडणं झाली. तरी रेषा आहे. भांडायला का होईना, नकाशावर काहीतरी आहे.

पठाराच्या किनाऱ्याला तशी रेषा नाही. बिदरकडे पाहुणे खेचायचे, स्थळं सजवायची, तिकीटघर बांधायचं, असं बोलणं आता नेहमी कानावर येतं. म्हणून इथलं पाणी कुठून येतं आणि पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी आखणी करणाऱ्यांनी ते कसं ओळखलं होतं, हे एकदा नीट मांडावंसं वाटलं. मी इतिहासाचा विद्यार्थी उशिरा झालो, आधीची वर्षं पाइप आणि पंप यांत गेली. त्यामुळे इमारतीकडे बघताना माझी नजर आधी तिच्या मोरीकडे जाते. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी दगड. जांभा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रत्नागिरीचे चिरे येतात. बिदरचा दगड त्याच जातीचा. फ्रान्सिस बुकानन यांनी केरळात अंगाडिपुरमला पाहिलेल्या या दगडाचं वर्णन 1807 मध्ये छापलं आणि विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. तोडताना मऊ, उघड्यावर ठेवला की कडक, म्हणून विटेसारखा कापून काढता येणारा. कोकणात तो समुद्राजवळच्या सड्यांवर आहे, आमच्याकडे दख्खनच्या डोक्यावर. दोन्हीकडे तो स्पंजासारखा वागतो. अंगभर भोकं आणि नळ्या असल्यामुळे पाऊस वरून शिरतो आणि झिरपत खाली जातो. जांभ्याच्या तळाशी चिकणमातीचा थर लागतो, त्याखाली काळा पाषाण. तिथे पाण्याची वाट अडते आणि ते आडवं सरकू लागतं. जिथे पठाराचा काठ तुटला आहे किंवा घळ आत शिरली आहे, तिथे ते बाहेर पडतं. कोकणात सड्याच्या पायथ्याला गाव आणि गावाला झरा असतो, त्याचं कारण हेच.

आता बिदरची देवस्थानं या नजरेने पाहा. गुरुद्वारा नानक झिरा साहिब झऱ्यावर आहे, नावातच झिरा. गुरु नानक दक्षिणेत आले तेव्हा इथलं खारं पाणी गोड झालं, अशी श्रद्धा आहे आणि देशभरातून यात्रेकरू येतात. पापनाशचं महादेवाचं स्थान, तिथल्या कुंडात झऱ्याचं पाणी. झरणी नरसिंह तर पाण्यातलाच देव. जांभ्यात कोरलेल्या सुमारे 300 मीटर लांबीच्या भुयारातून कमरेएवढ्या, कधी छातीएवढ्या पाण्यातून चालत दर्शनाला जायचं, डोक्यावर वटवाघळं. शुक्लतीर्थ हे नावही पाण्याचंच. ही सगळी ठिकाणं काठावर किंवा काठाला पडलेल्या घळींत आहेत. भूवैज्ञानिकाने नकाशावर झऱ्यांची ओळ काढली तर आमच्या जत्रांची ओळ आपोआप निघेल. शीख, हिंदू, मुसलमान सगळे एकाच थराचं पाणी पीत आलेत.

अहमदशहा वलीने गुलबर्ग्याहून राजधानी इथे हलवली ती 15 व्या शतकाच्या दुसऱ्या पाव भागाच्या सुरुवातीला. किल्ल्याचं मोठं काम 1429 ते 1432 या वर्षांत झालं असं गुलाम याझदानी यांनी दिलं आहे. त्यांचं 1947 सालचं बिदरच्या इतिहासावरचं आणि वास्तूंवरचं पुस्तक आजही आमचा पहिला आधार आहे. राजधानी का हलवली याची कारणं इतिहासात बरीच येतात, शिकारीला गेलेल्या सुलतानाच्या कुत्र्याला कोल्ह्याने पळवून लावल्याची गोष्टसुद्धा. मला त्या गोष्टीपेक्षा जागेचं गणित जास्त पटतं. काठामुळे दोन-तीन बाजूंनी नैसर्गिक संरक्षण मिळतं. तोडायला सोपा दगड जागेवरच, म्हणून किल्ल्याचा खंदक जांभ्यात कोरून काढला आणि एका भागात तर मध्ये दगडाच्या भिंती ठेवून तिहेरी केला. आणि उंचावर असूनही काठाला पाणी.

मात्र पाणी काठाला असणं आणि घागरीत येणं यांत अंतर आहे. पठारावर विहीर खणायची तर जांभ्याचा सगळा थर फोडून खाली जावं लागतं. किल्ल्यातल्या विहिरींत डोकावलं की मोट ओढणाऱ्या बैलांची दया येते. वर चढवलेलं ते पाणी भिंतींत बसवलेल्या खापरी नळांतून महालांत आणि हौदांत फिरवलं होतं. सोळा खांबी मशिदीसमोरच्या लालबागेत हौद आणि पाट आजही दिसतात. बाग ही त्या काळात शोभेपुरती नव्हती. एकदा वापरलेलं पाणी पुढच्या वाफ्यात, तिथून पुढच्या, असा तो उतरता हिशेब होता.

त्याहून मोठी युक्ती शहराबाहेर, नौबादला आहे. लोक तिला सुरंग बावी म्हणतात, पुस्तकांत कारेज. इराणात हीच कनात. रचना ऐकायला सोपी आहे. वरच्या अंगाला, जिथे भूगर्भातलं पाणी हमखास लागतं, तिथे एक विहीर खणायची. फारसीत तिला आईविहीर म्हणतात आणि मला हा शब्द फार आवडतो. तिथून खालच्या अंगाला एक आडवं भुयार काढायचं, उतार अगदी अल्प ठेवून. जमिनीचा उतार भुयारापेक्षा जास्त असल्यामुळे पुढे कधीतरी भुयार आपसूक उघड्यावर येतं, आणि त्या तोंडातून पाणी वाहतं. मोट नाही, बैल नाही, पंप नाही. भुयाराच्या वर ठरावीक अंतरावर उभे आड. खणताना माती काढायला आणि हवा आत यायला, नंतर गाळ काढायला, आणि मधल्या वस्तीला पाणी शेंदायला. नौबादचं भुयार 3 किलोमीटरच्या आसपास, त्यावर 21 उभे आड मोजले गेले आहेत.

सोपं ते फक्त ऐकायला. उतार जास्त झाला तर पाणी तळ खात जातं आणि भुयार ढासळतं. कमी झाला तर गाळ बसतो. इराणातल्या लांब कनातींचा उतार हजाराला एक मीटरच्या आसपास ठेवलेला असतो. आज लेसर घेऊन असा उतार साधतानाही आमच्या साइटवर वाद होतात. त्या लोकांकडे ओळंबा, पाणसळ, दोरी आणि दिवा होता. दोन आडांमधून ओळंबे सोडून खाली दिशा धरायची आणि दोन्हीकडून खणत भेटायचं. गणिती अल-कराजी याने 11 व्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीत दडलेलं पाणी काढण्यावर ग्रंथच लिहिला होता, त्यात मोजणीची साधनं दिली आहेत. ही विद्या बिदरला आली ती इराणहून आलेल्या माणसांबरोबर. त्यांचा रस्ता बहुतेक चौल-दाभोळ बंदरांवरून. महमूद गवान हा गीलानचा. रशियन व्यापारी निकितीन 1470 च्या सुमारास बिदरला होता, तोही चौलला उतरून जुन्नरमार्गे आलेला. म्हणजे आमच्या पठाराच्या पाण्यातही थोडा कोकणकिनारा आहेच.

बिदरच्या कारेजी बहमनी काळातल्या, 15 व्या शतकातल्या मानल्या जातात. मराठी वाचकाला यातलं ओळखीचं उदाहरण म्हणजे मलिक अंबरने औरंगाबादला (तेव्हाचं खडकी) केलेली नहर, 17 व्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा त्याच दशकातला, 1615 चा. बिदर या दोन्हींच्या दीडेकशे वर्षं आधी. तरी नाव त्यांचंच जास्त, कारण औरंगाबादला पाणचक्की आहे आणि लोक पाणचक्की पाहायला जातात. तिच्या हौदात पाणी कुठून येतं हे विचारणारा शंभरात एखादा.

नौबादचं हे काम आपल्या लोकांच्या नजरेतून जवळजवळ गेलं होतं. आड कचऱ्याने भरले, काही वस्तीखाली गेले. 2012 च्या सुमारास केरळातल्या चित्तूर सरकारी महाविद्यालयातले भूगोलाचे प्राध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी या कारेजींचा पद्धतशीर मागोवा घेतला. त्यांचं मला विशेष वाटतं ते हे की त्यांनी भुयारापुरतं पाहिलं नाही. जांभ्यातली फट, म्हणजे खडकातली लांबच लांब भेग, कोणत्या दिशेने जाते आणि कारेज तिच्यावरून कशी नेली आहे, हे त्यांनी नकाशावर आणलं. शुक्लतीर्थाची कारेज सगळ्यात लांब, आणि तिची आईविहीर गोरनळ्ळीच्या जुन्या तळ्याच्या बांधाजवळ निघाली. तिसरी जमना मोरी, ही शहराच्या गल्ल्यांखालून पाणी वाटणारी. 2014 मध्ये बिदर शहर जागतिक स्मारक निधीच्या (वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड) लक्ष ठेवण्याच्या यादीत आलं. त्याच वर्षी दख्खनच्या सुलतानी वास्तू म्हणून गुलबर्गा, बिदर, विजापूर आणि गोवळकोंडा यांची नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पुढे जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने नौबादच्या भुयारातला गाळ निघाला आणि पाणी दिसलं.

पुढचं वर्ष आठवा. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत 5 लाख लिटर. उदगीर-निलंग्याची आपली नातीगोती, त्यामुळे त्या उन्हाळ्याच्या गोष्टी घराघरांत आहेत. त्याच उन्हाळ्यात बिदर जिल्ह्यात तळी आणि जुन्या विहिरी उपसायचं काम चाललं होतं. सहाशे वर्षं जुनी नळी साफ केली की पाणी येतं, ही तेव्हा पेपरात येण्याजोगी बातमी होती. पण भुयार हे भांडं नव्हे, ते फक्त गळती आहे, शिस्तीत केलेली. साठा वर पठारात आहे. कारेजीचा मोठा गुण असा की ती पातळीपेक्षा जास्त उपसूच शकत नाही. पाऊस कमी, तर धार कमी. शेजारी बोअर मारली आणि पाण्याची पातळी भुयाराच्या तळाखाली गेली, की मग कितीही गाळ काढा, कोरडी गटार हाती येते.

इथे आखणीचा खरा प्रश्न येतो. वारसास्थळाभोवती आपल्याकडे कायदा आहे. 1992 ची अधिसूचना आणि 2010 ची दुरुस्ती मिळून संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बांधकामाला बंदी आणि पुढचे 200 मीटर परवानगीने. मोजमाप सुरू होतं दगडापासून. मशिदीच्या किंवा किल्ल्याच्या भिंतीसाठी हे ठीक आहे. कारेजीचा दगड म्हणजे नेमका कोणता? तोंड धरलं तर आईविहीर 3 किलोमीटर वर राहते. आड धरले तर मधल्या जागा राहतात. सगळे धरले तरी ज्या माळावरचा पाऊस झिरपून आईविहिरीला येतो तो माळ राहतोच, आणि त्या माळावर एकही नक्षीदार खांब नाही. तो रिकामा दिसतो. रिकामी जागा दिसली की ले-आऊट पडतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. नौबादच्या बाजूला शहर वाढतंच आहे, वाढणारच. घर बांधणाऱ्याचा यात दोष नाही, त्याच्या सातबाऱ्यावर खाली भुयार आहे असं कुठे लिहिलेलं नसतं. आमच्या कर्नाटकात सातबाऱ्याला पहाणी म्हणतात, तिच्यातही नसतं.

जांभ्यावरच्या घरांचा आणखी एक प्रश्न बोलायला ओशाळवाणा आहे, पण बोलला पाहिजे. जो दगड पाऊस आत घेतो तो शोषखड्डाही आत घेतो. काळ्या मातीत मैला रेंगाळतो, गाळला जातो. जांभ्याच्या नळ्यांतून तो सरळ उतरतो. वर पक्की भुयारी गटार नसेल तर खालची ऐतिहासिक भुयारी नहर तेच काम करू लागते. मग तोंडाशी संगमरवरी पाटी लावून उपयोग काय?

आपल्याकडे पर्यटनस्थळ म्हटलं की एक ठरलेलं चित्र असतं. कलबुर्गीत शरणबसवेश्वर तलावाकाठी बाग आहे, होड्या आहेत, संध्याकाळी गर्दी असते. मुलांना मजा येते आणि त्यात वाईट काही नाही. शहराला बसायला जागा पाहिजेच. तेच चित्र उचलून झऱ्यावर किंवा कारेजीवर ठेवलं की घोटाळा होतो. पहिली येते ती फरशी. कलबुर्गी जिल्ह्यातलीच शहाबादी, स्वस्त, टिकाऊ, झाडायला सोपी, माझ्याही घरात आहे. खाली काँक्रीट, वर शहाबादी, सांध्यात सिमेंट, म्हणजे पाऊस आत जायचा रस्ता बंद. मग हिरवळ, तिला उन्हाळाभर पाणी, त्यासाठी त्याच आवारात बोअर. म्हणजे झरा पाहायला आलेल्या माणसाला बसायला हिरवळ पाहिजे म्हणून झऱ्याचंच पाणी खालून ओढायचं.

याउलट जुन्या आखणीत लोकांना पाण्याजवळ आणायची चांगली रीत होती. झरणीच्या परिसरात मोगल काळात फरहबाग नावाची बाग आणि मशीद झाली. औरंगजेबाने 1657 मध्ये बिदर घेतल्यानंतरच्या सुभेदारीतली ती गोष्ट. म्हणजे पर्यटनस्थळ करण्याची हौस काही आजची नाही. पण ती बाग झऱ्याच्या खालच्या अंगाला, वाहून आलेल्या पाण्यावर जगणारी. वर माळ तसाच. अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत, त्याही काठ उतरून खाली, शेतांच्या मधोमध. अहमदशहा वलीच्या कबरीवर दरवर्षी जत्रा भरते, मुसलमान उरूस म्हणतात, हिंदू अल्लमप्रभूच्या नावाने येतात, आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळहून जंगम चालत येतो. हजारो माणसांची सोय करायची तर काठाखाली करावी, पठाराच्या डोक्यावर नको, हे त्या जागेच्या निवडीत आहे. त्यांनी मुद्दाम ठरवलं होतं की ओघाने झालं, याचा पुरावा माझ्याकडे नाही, पण नकाशा तसा बोलतो.

म्हणून माझं म्हणणं असं की किनाऱ्याला जशी भरतीरेषा, तशी पठाराला पाझररेषा हवी. काठाचा पट्टा, झऱ्यांच्या वरचं क्षेत्र आणि कारेजींच्या भेगांवरचा पट्टा, हे तिन्ही विकास आराखड्यात रंगवून टाकायचे. त्यात बांधायचंच नाही असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं तर उद्या कोणी ऐकणार नाही. बोअर बंद, गटार आधी आणि घर नंतर, अंगणं उघडी, छताचं पाणी जमिनीत, एवढं तरी. प्रत्येक आडाभोवती छोटं मोकळं वर्तुळ आणि एका आडापासून दुसऱ्यापर्यंत मातीची पायवाट. तिकीटघर, वाहनतळ, खाण्याची दुकानं तोंडाच्याही खाली. भुयारात माणसं सोडायची की नाही हे हवेवर ठरवावं, तिकिटांच्या खपावर नाही. बऱ्हाणपूरला लिफ्टने खाली उतरवतात, ते एक उदाहरण अभ्यासायला जवळ आहे. इराणातल्या 11 कनाती 2016 मध्ये जागतिक वारसा झाल्या, तिथे भुयाराबरोबर त्यावर चालणारी शेती आणि पाण्याच्या वाटपाची जुनी रीतही वारसा म्हणून मोजली गेली.

एक अडचण मात्र आमच्या हातात नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्याचा बिदर जिल्हा तिघांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात, जहिराबाद आणि नारायणखेड तेव्हाच्या आंध्रात, उरलेला म्हैसुरात. भाषेच्या बाजूने त्यावर आपल्या मंडळात पुष्कळ लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही. पाण्याच्या बाजूने एवढंच की जांभा जहिराबादकडेही जातो आणि मांजरा महाराष्ट्रातून येऊन तेलंगणात जाते. त्यामुळे पाझररेषा आखणारा नकाशा तीन राज्यांच्या कचेऱ्यांत मिळेल तेवढा मिळवावा लागतो. दगडाचा नकाशा एकीकडे, बोअरची नोंद दुसरीकडे, जमिनीची पहाणी तिसरीकडे. हे तीन कागद एकावर एक ठेवण्याचं काम मंडळातल्या चार-दोन तरुणांनी अंगावर घेतलं तर संगणकावर दोन-तीन महिन्यांत कच्चा नकाशा होईल. मी मोजणीला यायला तयार आहे.

तोवर पाहायला येणाऱ्यांसाठी एक सूचना. सप्टेंबर संपता संपता या. पाऊस ओसरलेला असतो, झरे भरलेले असतात. सगळे लोक आधी किल्ला पाहतात आणि वेळ उरला तर नौबाद. तुम्ही उलट करा. सकाळी आधी गोरनळ्ळीच्या तळ्याच्या बांधावर जा, मग नौबादला आडाआडाने उतरत तोंडापर्यंत या, पुढे पापनाश आणि नानक झिरा, आणि किल्ला शेवटी, संध्याकाळी, लालबागेतला हौद पाहण्यासाठी. झरणीला जाणार असाल तर कोरडे कपडे सोबत ठेवा आणि मोबाइल वरच ठेवून जा.